फ्लेक्सवर बत्तीस, मैदानात पाच

चोरी मी केली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. दोन फ्लेक्स होते, एक रविराजचा आणि एक रॉबिनचा. पहाटे साडेपाचला विळ्याने सुतळ्या कापून मी ते चौकातून उतरवले, गुंडाळले आणि स्कूटरवर पायाशी आडवे घालून मैदानावर आणले. नाव दया पारधे, वय बासष्ट, निवृत्त क्रीडाशिक्षिका. आमच्या भागात मला नुसतं 'बाई' म्हणतात आणि तेवढ्यावर भागतं.

आता का चोरले ते ऐका. आमचं मैदान शहराच्या कडेला आहे. पाट्यांवर अहिल्यानगर लिहून झालं, पण एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडात अजून 'नगर, नगर'च आहे. मैदानाच्या एका अंगाला चर्चमागची वस्ती, दुसऱ्या अंगाला पाण्याच्या टाकीची वस्ती, आणि मैदानाच्या तोंडाशी चौक. त्या मैदानावर मी पंधरा मुलींना खो-खो शिकवते. तिथे कपडे बदलायला खोली नाही. त्यासाठी मी तीन अर्ज दिले, तिन्हींवर 'योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा मिळाला आणि कार्यवाही योग्य वेळेची वाट बघत बसली. पोरी एकमेकींपुढे ओढण्या धरून कपडे बदलायच्या आणि कंपाउंडच्या भिंतीवर रिकामटेकडे बसलेले. एक दिवस माझी कर्णधार जेनिफर म्हणाली, "बाई, आडोसा नाही झाला तर उद्यापासून मी येणार नाही. आणि मी नाही आले तर या चौदाही येणार नाहीत." पोरगी सतरा वर्षांची आहे, पण धमकी पक्क्या पुढाऱ्यासारखी देते.

मी चार बांबू रोवले आणि कापड कुठे मिळेल म्हणून इकडेतिकडे बघितलं. चौकात टाकीकडचा रविराज गॉगल घालून हसत होता, दहा बाय आठ. त्याच्या समोरच्या खांबांवर चर्चमागचा रॉबिन, तोही गॉगल घालून, तोही दहा बाय आठ. रविराजच्या मागे सिंह, रॉबिनच्या मागे गरुड. दोघांच्या गळ्यात जाडजूड सोन्याची साखळी, जी फ्लेक्स छापणाऱ्याने घातली होती आणि छापून झाल्यावर परत काढून घेतली होती. खाली शुभेच्छुक म्हणून गोल गोल चौकटींत बत्तीस-बत्तीस मुंडकी. एकाचा वाढदिवस होऊन आठवडा झाला होता, दुसऱ्याचा होऊन तीन दिवस. मी म्हटलं, झाले की वाढदिवस. आता यांचं काय काम?

इथे मी चुकले. पुढाऱ्यांचे फ्लेक्स मी वर्षानुवर्षं उतरवत आले आहे. मैदान आखायच्या फक्कीच्या गोणी झाकायला, स्कूटरवर घालायला, कशालाही. एकाही पुढाऱ्याने कधी विचारलं नाही. पण गल्लीतल्या 'भाऊं'चा कायदा वेगळा असतो. त्यांचा फ्लेक्स उतरवायचा नसतो. पुढच्याचा वाढदिवस येईपर्यंत तो उन्हात फिका पडत लटकतो आणि मग त्याच्यावर दुसरा चढतो. मधेच कोणी काढला तर त्या माणसाच्या मुस्कटात मारल्यासारखं होतं. जन्म नगरात काढून मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. ठाऊक होतं, पण आडोसा हवा होता.

मी दाभणाने दोन्ही फ्लेक्स एकमेकांना शिवले आणि बांबूंना गुंडाळले, छापील बाजू आत. बाहेरून नुसतं पांढरं. पोरींनी आत जाऊन बघितलं आणि किंचाळत बाहेर आल्या.

"बाई, हे दोघं आत बघतायत!"

"गॉगल आहे त्यांना," मी म्हटलं. "काही दिसत नाही. बदला कपडे."

दोन दिवसांत पोरींनी दोघांना स्केचपेनने मिशा काढल्या, रॉबिनच्या गरुडाला चष्मा लावला आणि सिंहाच्या आयाळीला रिबिनी बांधल्या. आडोसा उत्तम चालला होता. चौकात मात्र आग लागली होती.

रविराज म्हणाला, रॉबिनच्या लोकांनी काढला. रॉबिन म्हणाला, रविराजच्या लोकांनी काढला, आणि आपल्यावर नाव येऊ नये म्हणून स्वतःचाही काढून ठेवला. मोबाईलवर स्टेटस लागले, मागे ढोल, पुढे कोयत्याचं चित्र: 'रविवार. पाच वाजता. मैदान.' या दोन टोळक्यांचं भांडण काही नवं नव्हतं. दसऱ्याला मिरवणुकीत धक्का लागला म्हणून रॉबिनच्या एका पोराच्या डोक्यात सहा टाके पडले होते. दिवाळीत रविराजच्या मोटारसायकलचं सीट कोणीतरी फाडलं होतं. तेव्हा मी आधी फारशी घाबरले नाही. रोज मरे त्याला म्हणतात तसं रोज भांडणाऱ्यांकडे मी रोज बघत होते.

गुरुवारी दुपारी मालनबाई माझ्या दारात आल्या. मालनबाई म्हणजे रविराजची आई. मूळच्या पाथर्डीकडच्या, बारा वर्षं ऊसतोडीला गेलेल्या, आता इथल्या एका खानावळीत दोन वेळच्या पोळ्या लाटतात. त्या कधी कोणाच्या दारात जात नाहीत, म्हणून मी चहा टाकला.

"बाई," त्या म्हणाल्या, "रविवारी ह्ये लोक मैदानात भेटणार हायेत. रव्यानं कपाटामागं काय तरी दडिवलंय. इचारलं तर म्हनतो, आई तू गप ऱ्हा."

"पोलिसांना सांगा मग."

"पोलिसांला सांगितलं तर त्याचंच नाव लिवतील की! पोलीस भरतीचं मैदान धा दिवसावं आलंय. सोळाशे मीटर लई चांगलं पळतो त्यो, समदे म्हनत्यात ह्यो लागनार. पर एकदा का गुन्ह्यात नाव गेलं, मंग कुठली भरती अन् कुठलं काय. बाई, मी बारा सीझन फडात काढले, पर ह्याच्या हातात कोयता दिला न्हाई. शाळंत घातला. अन् आता ह्योच..." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "अन् समदं कशापायी, तर कुनी तरी त्याचा बोर्ड चोरला. त्याचे हात झडो."

मी कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेतले.

"तुमचं ऐकत्यात पोरं," त्या म्हणाल्या. "ह्यो एक रविवार काढून द्या."

मला लाज वाटली, हे स्पष्टच लिहिते. त्या पोराची भरती, त्या बाईचे बारा सीझन आणि मधे मी, विळा घेऊन. त्याच वेळी उठून दोघांच्या दारात जाऊन कबूल करायला हवं होतं. नाही केलं. एक तर पस्तीस वर्षं मी पोरांना चोरी करू नका म्हणून कान पिळले होते आणि आता आपला कान पुढे करायची माझी तयारी नव्हती. दुसरं, फ्लेक्स परत दिले की पोरींचा आडोसा गेला. आणि तिसरं, जे मला आजही खरं वाटतं, फ्लेक्स मिळाले तरी ही पोरं नुसता वार बदलतील. फ्लेक्स नाही तर धक्का, धक्का नाही तर सीट. त्यांना संध्याकाळी पाच वाजता दुसरं काही कामच नव्हतं. मी ठरवलं की यांना काम द्यायचं.

शुक्रवारी टाकीजवळच्या टपरीवर रविराजला गाठलं. माझ्याकडे बघून त्याने सिगारेट टाकली. एवढा मान अजून शिल्लक आहे.

"रविवारी पाचला मैदानात काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही बाई."

"मग बरं झालं. कारण पाच ते सहा मैदान माझं आहे, पोरींचा सराव आहे. तुम्हाला हवं असेल तर पोरी म्हणतायत, जिंकून घ्या. एक डाव, नऊ मिनिटं. आमच्या तीन पोरी पळतील. तिघींना बाद केलंत तर मैदान तुमचं, मग तिथे तुम्ही काय वाटेल ते करा, मी शिट्टीसुद्धा वाजवणार नाही."

"खो-खो?" तो हसला. "पोरींचा खेळ बाई तो. आम्ही काय पोरींशी..."

"रॉबिन हो म्हणाला," मी म्हटलं. "तो म्हणाला, रविराज घाबरेल."

तिथून तडक चर्चमागे गेले. रॉबिन तिथल्या गॅरेजमध्ये टू-व्हीलर दुरुस्त करतो, आणि चांगल्या करतो, माझी स्कूटर त्याच्याच हातची आहे. त्याला तेच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "रविराज हो म्हणाला. तो म्हणाला, रॉबिन घाबरेल."

"मी?" रॉबिनने पान्हा आपटला. "त्याला म्हणावं, रविवारी ये."

रविवारी सकाळी चर्चमध्ये दोन खोट्यांबद्दल माफी मागितली. फ्लेक्सचं राहूनच गेलं, वेळ कमी होता.

पाच वाजता दोन्ही बाजूंनी पोरं आली. मी मोजली. टाकीकडून पाच, चर्चकडून पाच.

"बाकीचे कुठे?" मी विचारलं. "फ्लेक्सवर तर बत्तीस होते."

रविराज इकडेतिकडे बघत म्हणाला, "येतायत." त्याच्या मागचा एकजण पुटपुटला की त्यातले सहा पुण्याला कामाला असतात, चौघांना घरून सोडलं नाही, आणि बाकीच्यांचे फोटो नुसते न विचारता टाकले होते. रॉबिनकडेही तेच. त्याच्या बत्तीसांत तर एक त्याचा मेहुणा होता, तो दुबईत.

"खो-खोला नऊ लागतात," मी म्हटलं. "आठ बसायला, एक पळायला. पाचांत डाव होत नाही."

"मग राहू द्या," रविराज म्हणाला. "आम्ही आमचं बघतो." त्याने रॉबिनकडे बघितलं, रॉबिनने त्याच्याकडे. मालनबाई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला.

"बाई," जेनिफर मोठ्याने म्हणाली, "आम्ही घरी जाऊ का? हे घाबरलेत. पाच-पाच मिळून एका बाजूने खेळायलासुद्धा यांना भीती वाटते."

बावीस वर्षांच्या पोराला सतरा वर्षांच्या पोरीने चौदा पोरींदेखत घाबरट म्हटलं की तो विहिरीतसुद्धा उडी मारतो. "कुठे बसायचं सांगा," रविराज म्हणाला.

मी सांगितलं. रविराज पहिला पळणार. त्याचे चार पोरगे आणि रॉबिनची माणसं एकाआड एक बसणार. खो-खोत शेजारी बसलेल्यांची तोंडं उलट्या दिशांना असतात. रविराजच्या चौघांची तोंडं मी चर्चकडे केली, रॉबिनच्या माणसांची टाकीकडे. ज्याला जिकडे बघून दात खायची सवय, त्याला तिकडे बघत बसवलं. पण बसायला गेले आणि एकेकजण कळवळून उठला.

"काय झालं?" मी भोळेपणाने विचारलं.

खो-खोत उकिडवं बसावं लागतं, टाचांवर, पळायच्या तयारीत. कमरेला काही खोचून तसं बसता येत नाही. हे मला पस्तीस वर्षांपासून ठाऊक आहे, त्यांना त्या दिवशी कळलं. मी फक्कीचा रिकामा डबा मधे ठेवला आणि पाठ फिरवली. मागे ठणठण आवाज झाले. वळून बघितलं तर डब्यात एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर, सायकलची चेन, दोन चाकू आणि एक कोयता. कोयता रविराजने टाकला होता. मालनबाई पुढे आल्या, डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो माझा हाय. मूठ मीच बांधलीय." रविराज जमिनीकडे बघत राहिला. त्यांनी डबा उचलून भिंतीशी नेला, झाकण लावलं आणि त्यावर बसल्या.

रॉबिनचा ओंकार उकिडवा बसला आणि त्याची तंग जीन्स मागून टर्रकन उसवली. तो राखीव झाला. बरोबर नऊ उरले. मी शिट्टी वाजवली.

पहिली तीन मिनिटं मला आयुष्यभर पुरतील. ज्यांना खो-खो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: एका बाजूने पळणाऱ्याला फक्त आपल्याकडे पाठ करून बसलेल्यालाच खो देता येतो, आणि ज्याला खो मिळाला तो दुसऱ्या बाजूने पळतो. म्हणजे आपल्या माणसाला एक खो दिला, तर पुढचा त्याने दुश्मनाला द्यावाच लागतो. रविराज ज्या बाजूला होता तिथे सगळ्या पाठी रॉबिनच्या लोकांच्या. तो खो द्यायलाच तयार नाही. एकटाच जेनिफरच्या मागे खांबापासून खांबापर्यंत धावतोय, आणि ती रांगेतल्या दोघांमधून सुळकन पलीकडे जातेय. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. सोळाशे मीटरचा गडी तीन मिनिटांत कुत्र्यासारखा धापा टाकायला लागला. दुसरी पोरगी मधे उभी राहून वेणी घालत होती.

"अरे, दे ना खो!" रॉबिन बसल्या जागेवरून ओरडला.

"तुला?"

"मग काय माझ्या बापाला? दे!"

रविराजने दिला. 'खो' म्हणत असा सणसणीत पंजा रॉबिनच्या पाठीत हाणला की तो पुढे दोन पावलं कोलमडला. वळून त्याने माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "खो मोठ्याने द्यायचा असतो. पळ."

एकदम सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दुश्मनाच्या पाठीत धपाटा घालायचा, वर त्याला उठून पळायला लावायचं, आणि पंच म्हणतो बरोबर आहे! पुढची दोन मिनिटं मैदानावर गोधड्या धोपटल्यासारखे आवाज येत होते. खो, धप्प. खो, धप्प. पण खो देणाऱ्याला उठलेल्याच्या जागेवर बसावं लागतं, त्यामुळे रविराजचे पोरगे रॉबिनच्या जागी आणि रॉबिनचे रविराजच्या जागी बसत गेले. थोड्या वेळाने कोणाचं तोंड कुठल्या वस्तीकडे आहे, याचा काही मेळ राहिला नाही. आणि धपाटे हलके होत गेले. जोरात मारलं की उठणारा कोलमडतो आणि पोरगी निसटते, हे त्यांना माझ्याशिवाय समजलं. सहाव्या मिनिटाला पहिली पोरगी बाद झाली. रविराजच्या पोराने खो दिला होता, रॉबिनच्या पोराने शिवलं होतं. दोघं ओरडले, एकमेकांना मिठी मारायला गेले आणि अर्ध्यात आठवण होऊन थांबले.

सातव्या मिनिटाला वेणीवाली बाद झाली. उरली जेनिफर आणि दोन मिनिटं.

आता मात्र मी घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. जिंकले तर मैदान त्यांचं, असं मीच बोलून बसले होते. रविराज जेनिफरला खांबाकडे रेटत आला, "रॉब्या, ऊठ!" म्हणून त्याने खो दिला, आणि रॉबिनने उठता उठता अंग झोकून दिलं. जेनिफर खांबाला हात लावून गर्रकन फिरली. रॉबिन सरळ पुढे गेला, आडोशाच्या बांबूवर नाकाने आदळला, आणि चारही बांबू कडकड करत खाली आले.

फ्लेक्स जमिनीवर उलगडला, छापील बाजू वर. रविराज आणि रॉबिन, खांद्याला खांदा लावून, मधे माझे दाभणाचे टाके. दोघांना मिशा, सिंहाला रिबिनी.

रॉबिन उठून बसला, त्याच्या नाकातून रक्त शर्टावर टपटपत होतं. रविराज त्याच्याजवळ उभा, मुठी आवळलेल्या. त्या मुठी कोणासाठी होत्या ते मला कळेना. आणि नेमकी त्याच वेळी फाटकातून मोटारसायकल आत आली. हवालदार कारभारी. पोरांचं स्टेटस पोलीस ठाण्यातही पोचलं होतं. त्याच्या हातात कागद होता, त्यावर दहा नावं आधीच लिहिलेली.

"बाई, इथं मारामारी आहे असं कळलं," तो म्हणाला. धुळीने माखलेली दहा पोरं त्याने बघितली. मग रॉबिनचं नाक बघितलं, मग शेजारच्या रविराजच्या मुठी बघितल्या. त्याने पेनचं टोपण काढलं. "कुणी मारलं रे तुला? घाबरू नको. नाव सांग."

रॉबिनला एवढंच करायचं होतं, शेजारी बोट दाखवायचं. रविराजची भरती दहा दिवसांवर आहे हे सगळ्या भागाला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. मालनबाई डब्यावर बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले.

रॉबिन नाक धरून वर बघत राहिला. शिट्टी अजून माझ्या तोंडातच होती.

"बांबू लागला साहेब," तो म्हणाला. "खेळताना."

"खेळताना? तुम्ही? एकत्र?"

"खो-खो," जेनिफर म्हणाली. "हरतायत."

कारभारीचा विश्वास बसला नाही. त्याने पायाने फ्लेक्सची कड उचलली. "हेच ना ते चोरीला गेलेले? यावरूनच पेटलं होतं ना? इथं कसे आले?"

आता माझी पाळी होती. शिट्टी काढली. "मी चोरले," मी म्हटलं. "माझं नाव लिही. दया पारधे, वय बासष्ट. पोरींना आडोसा नव्हता. ही पोरं माझ्यामुळे एकमेकांच्या जिवावर उठली."

कारभारीचं पेन कागदावर थबकलं. त्यानेही माझ्या हातचे धपाटे खाल्ले होते, आठवीत. "बाई, असं कसं... मालकाची तक्रार असली तर मला लिहावंच लागेल." तो रविराजकडे वळला. "तुझा आहे ना हा? बोल, तक्रार आहे?"

रविराजने फ्लेक्सकडे बघितलं. स्वतःच्या मिशांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या नजरेत राग होता, आणि असायलाच हवा होता.

"चोरी कसली साहेब?" तो म्हणाला. "आम्हीच दिले होते. मैदानाला. पोरींना खोली नव्हती म्हणून."

"कुणी दिले?"

"मी आणि रॉबिनने. मिळून."

"मिळून," रॉबिन नाकातून म्हणाला.

"मग स्टेटस कशाला टाकले होते?"

"खो-खोचं होतं ते, रविवार, पाच वाजता," रविराज म्हणाला. "वातावरणनिर्मिती साहेब."

पोलीस व्हायला निघालेलं पोरगं पोलिसासमोर पहिलाच जबाब देत होतं आणि त्यातला शब्दन् शब्द खोटा होता. कारभारीने त्याच्याकडे, माझ्याकडे आणि डब्यावर बसलेल्या मालनबाईंकडे बघितलं. "मावशी, उठा की, पाय अवघडले असतील," तो म्हणाला. "न्हाई," मालनबाई म्हणाल्या, "मला बरं वाटतंय हितं." त्याने काहीतरी ओळखलं असावं. कागदाच्या चार घड्या करून खिशात घातल्या, मोटारसायकलला किक मारली आणि जाताना ओरडला, "बाई, यांना रोज पाचला इथं बसवा. माझे रविवार वाचतील."

तो गेल्यावर मालनबाई उठल्या. मला वाटलं रविराजकडे जातील. त्या रॉबिनपुढे बसल्या आणि पदराचं टोक ओलं करून त्याचं नाक पुसायला लागल्या. तो मान न हलवता बसून राहिला. पुसून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमचे हात झडो म्हनले मी."

"बरोबरच म्हणालात," मी म्हटलं.

पस्तीस वर्षांत खोटं बोलणारं एकही पोरगं मी शिक्षेशिवाय सोडलं नव्हतं. आता सोडायचं म्हणजे नियम मोडायचा. मी रविराज आणि रॉबिन दोघांना मैदानाच्या चार फेऱ्या दिल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही. निमूटपणे पळायला लागले. रॉबिनला नाक धरून पळावं लागत होतं, तो अर्ध्या फेरीतच धापा टाकायला लागला. रविराज एका दमात पुढे निघून गेला असता, सोळाशे मीटर पळणारं पोरगं ते. पण गेला नाही. चारही फेऱ्या त्याच्या शेजारून पळाला.